ऐकू आलं, पण कशामुळे?

२००४ साली सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या ऑडिओ शौकिनांच्या मंडळाने एक चाचणी घेतली. विषय होता भिंतीतल्या सॉकेटपासून यंत्रापर्यंत जाणारी विजेची वायर. एकीकडे यंत्राबरोबर खोक्यातून येते तशी साधी काळी पॉवर कॉर्ड, दुसरीकडे नॉर्डॉस्ट कंपनीची ‘वल्हाला’, जिच्या एका नगाची किंमत दोन हजार डॉलरच्या वर. कोणती कॉर्ड कधी लावली आहे हे श्रोत्यांना दिसत नव्हतं. त्यांनी फक्त ऐकायचं आणि ओळखायचं. एकूण १४९ उत्तरं आली, त्यांतली ७३ बरोबर निघाली. नाणं उडवून उत्तरं दिली असती, तरी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर बरोबर आली असती.

एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. मिटला नाही. जाडजूड, विणलेल्या आवरणाच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांच्या कॉर्ड आजही विकल्या जातात. घेणारे त्या घरी नेऊन लावतात आणि मनापासून सांगतात, की आवाज मोकळा झाला, गायिकेचा गळा पुढे आला, मागची शांतता अधिक गडद झाली. ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना फरक खरोखरच ऐकू येतो. म्हणून प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. ऐकू आलं म्हणजे नेमकं काय कळलं, हा प्रश्न आहे. आणि तो विजेच्या तारेपेक्षा दीड हजार वर्षांनी तरी जुना आहे.

आधी तारेचं पाहू. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झ कंप्रतेची. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर ती ट्रान्सफॉर्मरमधून जाते, मग डायोडच्या ब्रिजमधून आणि शेवटी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. डायोड वीज आत घेतात ती फक्त लाटेच्या माथ्यापाशी, सेकंदाला शंभर वेळा, थोडी थोडी. मधल्या वेळात यंत्र साठ्यावर चालतं. म्हणजे स्पीकरपर्यंत पोचणारा षड्ज कॉर्डमधल्या विजेवर नव्हे, तर साठवलेल्या, सपाट केलेल्या विजेवर उभा असतो. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन मीटर कॉर्डचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४६ ओहम. यंत्राने दोन अँपिअर वीज ओढली, तर कॉर्डमध्ये हरवतो ०.०९ व्होल्ट, २३० पैकी. संध्याकाळी सगळ्या इमारतीतले पंखे, गीझर, मिक्सर चालू झाले की व्होल्टेज याच्या कितीतरी पट खाली-वर होतं, आणि त्याने कुणाचा यमन बिघडल्याचं ऐकिवात नाही.

इथे एक युक्तिवाद हटकून केला जातो. वीजकेंद्रापासून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून आलेल्या विजेला शेवटच्या दोन मीटरने काय होणार? ऐकायला बिनतोड, पण कच्चा युक्तिवाद आहे. ते दोन मीटर यंत्राच्या सर्वांत जवळ असतात, आणि तार फक्त वीज आणत नाही. आसपासचा विद्युत गोंगाटही ती उचलते आणि पसरवते. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांतून सतत उच्च कंप्रतेचा कचरा तारांवर पडत असतो. भारनियमनाच्या दिवसांत चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर गाणी ऐकलेल्यांना याची वेगळी ओळख करून द्यायला नको: पंखाही घरघरायचा आणि स्पीकरही. तेव्हा विजेच्या बाजूने आवाजात काही शिरूच शकत नाही, असं भौतिकशास्त्र म्हणत नाही. ते विचारतं: काय शिरलं, किती शिरलं, कुठून शिरलं.

शिल्डिंगचा, म्हणजे तारेभोवतीच्या धातूच्या आवरणाचा, प्रश्न इथेच खरा होतो. धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही हे मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलं. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० मध्ये एका वाहकाभोवती दुसरा वाहक गुंडाळणाऱ्या केबलचं पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याचं. आजच्या बहुतेक चांगल्या ऑडिओ केबलमध्ये या कल्पनांपैकी एखादी तरी आहेच. मात्र तांब्याची जाळी विद्युतक्षेत्र आणि रेडिओ लहरी अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तिच्यातून बहुतांशी तसंच आरपार जातं. त्यावर उपाय म्हणजे तारांना पीळ देणं आणि ट्रान्सफॉर्मरपासून अंतर राखणं. महागड्या शिल्डेड पॉवर कॉर्डच्या जाहिरातीत हा भेद फारसा येत नाही.

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना शिल्डिंगची किंमत सर्वांत आधी कळते. सीडी प्लेअरमधून बाहेर पडणारा सिग्नल दोन व्होल्टपर्यंतचा असतो. रेकॉर्डच्या खाचेत फिरणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या आसपास, मूव्हिंग कॉइलचा त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढा किंवा कमी. फोनो प्रीअ‍ॅम्प पाच मिलिव्होल्टला सुमारे शंभर पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना भरून काढावा लागतो. आरआयएए या ठरलेल्या प्रमाणानुसार ५० हर्ट्झला मधल्या सुरांपेक्षा आणखी सात पट वाढ मिळते. आणि ५० हर्ट्झ ही तर आपल्या विजेचीच कंप्रता! टर्नटेबलच्या वायरची जाळी एका जागी तुटली किंवा पिनेचं सोल्डरिंग सुटलं, की विजेचा घूंऽऽ असा आवाज गाण्यावर स्वार होतो. त्या वायरला चिकटून कुणी पॉवर कॉर्ड टाकली असेल, तर ती वीतभर लांब केल्यानेही फरक पडू शकतो.

दुसरी वाट अर्थिंगची. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स खोलीच्या एका टोकाला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा फरक आणि दोन यंत्रांना जोडणारी आरसीए केबल. मग ती फरकाची वीज केबलच्या जाळीतून वाहू लागते. बिल व्हिटलॉक या अमेरिकन इंजिनिअरने ही गोष्ट हिशोबासकट पुन्हापुन्हा समजावली आहे. घरगुती जोडणीत जाळी ही सिग्नलचीही परतीची वाट असते, त्यामुळे तिच्यातून वाहणारी उपरी वीज गुणिले तिचा रोध, एवढा गोंगाट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. पन्नास मिलिअँपिअर वीज आणि दशांश ओहम जाळी धरली, तर पाच मिलिव्होल्ट. शांत खोलीत, आलापातल्या दोन स्वरांमधल्या जागेत, तो ऐकू येण्याजोगा आहे. इथे जाड जाळीची, कमी रोधाची केबल खरोखरच गोंगाट कमी करते. सगळ्या केबल सारख्याच, असं ठासून सांगणारा इंजिनिअर इथे अपुरं बोलत असतो.

या सगळ्या फरकांमध्ये एक गोष्ट समान आहे. ते पाठ फिरवून बसलेल्यालाही ऐकू येतात. केबलची किंमत माहीत नसलेल्याला, कामासाठी घरात आलेल्या इलेक्ट्रिशियनला, ऑडिओत काडीचाही रस नसलेल्या पाहुण्याला ऐकू येतात. ‘वल्हाला’चा फरक मात्र ती दिसत असताना ऐकू येतो आणि दिसेनाशी झाली की मावळतो. मग जे ऐकू येत होतं ते काय होतं?

न्याय या तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, गौतमाने प्रत्यक्षाची व्याख्या केली तेव्हा इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून ज्ञान होतं, एवढं म्हणून तो थांबला नाही. ते ज्ञान फसवं नसावं आणि निश्चित असावं, अशा अटी त्याने घातल्या. भाष्यकार वात्स्यायन त्या उलगडताना उन्हाळ्यातल्या मृगजळाचं उदाहरण देतो, आणि लांबून दिसणाऱ्या लोटाचं, जो धूर आहे की धूळ हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. पाहणाऱ्याचे डोळे शाबूत आहेत, समोर काहीतरी आहे, तरीही जे कळलं त्याला अजून प्रत्यक्ष ज्ञान म्हणता येत नाही.

कॉर्ड बदलून ऐकणाऱ्याच्या वाक्यातही दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. आवाज आता असा लागतो आहे, ही एक. तो कॉर्डमुळे असा लागतो आहे, ही दुसरी. पहिलीबद्दल त्याच्याशी भांडण्याचा कुणालाच अधिकार नाही. त्याचा अनुभव त्याच्यापाशी आहे. दुसरी गोष्ट मात्र त्याने ऐकलेली नाही. कार्यकारणाचं नातं कानावर पडत नाही. ते त्याने अनुमानाने जोडलं आहे, आणि जोडणं इतकं झटकन झालं की तेही ऐकल्यासारखंच वाटलं. बौद्ध तार्किक दिङ्नागाने पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला प्रत्यक्षातून कल्पनेला पूर्णपणे वगळलं, ते याच चपळाईच्या भीतीने. त्याच्या मते नाव, जात, गुण जोडला गेला की ते शुद्ध प्रत्यक्ष उरलंच नाही. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. पण गडद शांतता, मोकळा आवाज, पुढे आलेला गळा हे शब्द ऐकले, की दिङ्नागाला काय खटकत होतं ते समजतं.

अनुमान म्हटलं की त्याची परीक्षा आली, आणि परीक्षेची रीत आपल्याकडे फार बारकाईने बांधलेली आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे न्याय शिकणाऱ्याच्या हाती येणारं पहिलं पाठ्यपुस्तक. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. त्यात उपाधीचं उदाहरण येतं. जिथे अग्नी तिथे धूर, असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर होतो तो ओल्या इंधनामुळे. ओलं इंधन हा मधला, न सांगितलेला घटक म्हणजे उपाधी. तो सापडला की अनुमान कोसळतं, जरी सांगणाऱ्याने शंभर वेळा अग्नीबरोबर धूर पाहिलेला असला तरी.

कॉर्ड बदलली आणि आवाज सुधारला, या अनुमानात उपाधी एक नाही, अनेक आहेत. जुना प्लग उपसून नवा बसवताना पिनांवरची गंजाची पुटं खरवडली जातात, सैल सॉकेट घट्ट धरतं; जुनीच कॉर्ड काढून परत लावली असती तरी हेच झालं असतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलेलं असतं. व्हॉल्यूमचं बटण कणभर पुढे सरकलेलं असतं, आणि अगदी थोडा मोठा आवाज माणसाला मोठा नव्हे, चांगला वाटतो. म्हणूनच गंभीर चाचण्यांत पातळी दशांश डेसिबेलच्या हिशोबात जुळवून घेतात. कॉर्ड बदलायला उठलेला माणूस परत बसताना डोकं वीतभर इकडेतिकडे ठेवतो, आणि खोलीत तेवढ्याने वरच्या सुरांची वाटणी बदलते. तीच बंदिश दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष पहिल्यांदा निसटलेल्या हरकतीवर जातं. ती हरकत नव्या कॉर्डने आणली असं वाटतं. हे सगळं खरंखुरं ऐकणं आहे. कारण तेवढं वेगळं आहे.

इथे एखादा जाणकार मीमांसकाची बाजू घेऊ शकेल, आणि ती घ्यायलाच हवी. कुमारिल भट्टाचं म्हणणं असं, की ज्ञानाला प्रामाण्य बाहेरून द्यावं लागत नाही, ते त्याच्यापाशी असतंच. प्रत्येक ज्ञान दुसऱ्या ज्ञानाने तपासायचं, तर ते दुसरंही तपासावं लागेल, मग तिसरं, आणि कुठेच पाय टेकणार नाही. मग मला स्पष्ट ऐकू येत असताना मी कुणाच्या मीटरची परवानगी का मागू? नैयायिकांचं उत्तर वेगळं. तहानलेला माणूस पाणी दिसलं म्हणून चालत जातो, पितो, तहान भागते. त्या यशस्वी कृतीवरून त्याला आधीचं ज्ञान खरं होतं हे कळतं. प्रामाण्य बाहेरून येतं. या दोन पक्षांचा वाद शतकानुशतकं चालला आणि दोघांनीही एकमेकांना धार लावली.

पण कुमारिल एवढ्यावर थांबत नाही, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांचं नेमकं इथेच दुर्लक्ष होतं. त्याच्या मते ज्ञान दोन प्रकारांनी बाधित होतं. एकतर वस्तू वेगळीच आहे असं नंतर कळलं तर, किंवा ज्या साधनाने ज्ञान झालं त्यात दोष आहे असं कळलं तर. कावीळ झालेल्याने पिवळा शंख पाहिला, तर आपल्याला कावीळ आहे हे कळेपर्यंत त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवणं गैर नाही. कळल्यानंतर मात्र तोच विश्वास धरून बसणं गैर आहे. विसाव्या शतकाने कानाबद्दल नेमकं हेच कळवलं. डोळ्यांनी मिळालेली माहिती कानात मिसळते, हा साधनातला दोष आहे, आणि तो आता सगळ्यांना माहीत आहे.

१९७६ मध्ये हॅरी मॅक्गर्क आणि जॉन मॅक्डोनल्ड यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या माणसाचे ओठ ‘गा’ म्हणत होते, आवाज ‘बा’चा होता, आणि पाहणाऱ्यांना ‘दा’ ऐकू आलं. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. विलक्षण गोष्ट अशी, की ही युक्ती माहीत असूनही ‘दा’ ऐकू येणं थांबत नाही. हुशारी, शिक्षण, प्रामाणिकपणा यांचा इथे काही उपयोग नाही. न्यायात यासाठी एक जुनं उदाहरण आहे: लांबून चंदनाचं खोड पाहणाऱ्याला ते सुगंधी दिसतं. वास नाकापर्यंत आलेला नसतो. पूर्वी घेतलेल्या वासाची ओळख डोळ्यांच्या ज्ञानात येऊन बसते. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हाही हीच यंत्रणा चालते, असं नैयायिक सांगतात. जाड विणलेली, वजनदार, महाग म्हणून ठाऊक असलेली कॉर्ड समोर असताना तिचं मोठेपण आवाजात येऊन बसणं, हे चंदन सुगंधी दिसण्याहून फार वेगळं नाही.

ऑडिओच्या जगात याची मोजदाद १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी केली. चाळीस श्रोते, चार स्पीकर. आधी पडद्याआडून ऐकवले, मग पडदा काढून. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. लहान, स्वस्त दिसणाऱ्या स्पीकरचे घसरले. मोठ्या, देखण्यांना चढून मिळाले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. इतकंच नव्हे, जागा बदलल्याने आवाजात पडणारा खरा फरक पडद्याआडून ज्यांना पकडता येत होता, त्यांना स्पीकर दिसू लागल्यावर तो तितकासा पकडता येईना. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. डोळे उघडे ठेवल्याने नसलेला फरक ऐकू येतो, एवढंच नुकसान नाही. असलेला फरकही निसटतो.

पडद्याआडून ऐकणं हे कानाचा अपमान करण्यासाठी निघालेलं नाही. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली श्रवणचाचण्यांची जी रीत मांडली, ती टेलिफोनवर माणसाला माणसाचं नीट ऐकू यावं यासाठीच्या कामातून. डेव्हिड क्लार्कने १९८२ मध्ये तिचं घरगुती ऑडिओसाठी यंत्र बनवलं: अ ऐका, ब ऐका, मग क्ष ऐकून तो अ की ब ते सांगा. मीटर नाही, आलेख नाही. इथे निकाल देणारा एकटा कानच आहे, आणि त्याच्या कामात डोळ्यांनी लुडबूड करायची नाही एवढीच अट आहे.

तरी बे एरियातल्या ७३ बरोबर उत्तरांनी नेमकं काय सिद्ध झालं? कॉर्डमुळे कधीच, कुठेच फरक पडत नाही, हे नक्कीच नाही. इथे अनुपलब्धीचा विचार कामी येतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती न दिसणं हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर ती नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच कळलं नाही. चाचणीलाही हीच अट लागू होते. १९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने स्पीकरच्या वायरची चाचणी घेतली तेव्हा त्यात मुद्दाम एक फार बारीक, २४ गेजची वायर ठेवली होती. पिंक नॉइज हा सर्व कंप्रतांनी भरलेला आवाज वाजवला तेव्हा श्रोत्यांनी ती ओळखली, कारण तिच्या रोधाने आवाजाची पातळीच घटली होती. संगीतावर मात्र जाड ‘मॉन्स्टर’ आणि साधी १६ गेजची वायर वेगळी काढता आली नाही. पहिला निकाल दुसऱ्याला वजन देतो: खोलीत उजेड होता, आणि घागर दिसली नाही.

मीटरला कळत नाही ते कानाला कळतं, असंही म्हटलं जातं. यात तथ्य नाही असं हिंदुस्थानी संगीताशी थोडासाही संबंध असलेला माणूस म्हणणार नाही. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल, तर आवाज दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो-ओसरतो, आणि ते बसलेल्या कानाला लगेच कळतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते अशा कानांवर विसंबून आणि गणिताच्या आधारानेही. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने त्यांच्या बरोबरीने श्रुतींची पेटी पुढे आणली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती गायक-पंडितांसमोर आली. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी कलावंतांचे स्वर प्रत्यक्ष मोजले तेव्हा एकच स्वर कलावंतागणिक, आणि एकाच मैफलीतही, हलताना आढळला. कुणी बावीस आकडे मानो न मानो, या संपूर्ण प्रवासात कुणीही ‘मला ऐकू येतं, तपासू नका’ असं म्हणून विषय संपवला नाही. गुरूसमोर बसलेला शिष्य तर रोज तपासला जातो. तानसेन होणं जमलं नाही तरी कानसेन व्हावं म्हणतात, पण कानसेनालाही परीक्षा असते.

मग ऑडिओच्या दुनियेत तपासणीची एवढी चीड का? थोडा दोष तपासणाऱ्यांचा आहे. न्यायाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची मोडून टाकणारी वितंडा. २००७ साली जादूगार जेम्स रँडी यांनी पेअर कंपनीच्या सव्वासात हजार डॉलरच्या स्पीकर केबल ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं आव्हान दिलं. कंपनीने अंग काढून घेतलं, चाचणी झालीच नाही, आणि दोन्ही बाजू आपणच बरोबर असल्याचं सांगत राहिल्या. त्यातून कुणाला काही कळलं नाही. तो जल्प होता. पकडले जाण्याच्या धास्तीने बसलेला श्रोता नीट ऐकूही शकत नाही, ही शौकिनांची तक्रार रास्त आहे.

आनंद मिळतो ना, मग खर्च करू द्या, असं समजूतदारपणे म्हणणारेही असतात. त्या आनंदाबद्दल आदर ठेवूनही हे पटत नाही. पैसा आणि लक्ष दोन्ही मर्यादित असतात. वीस हजारांच्या कॉर्डचा विचार करणाऱ्याच्या खोलीत स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले असतात, समोरची भिंत उघडी असते, आणि सॉकेटचं अर्थिंग कित्येक वर्षांत कुणी तपासलेलं नसतं. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, जाड पडदा लावला, तर फरक पाठ फिरवूनही ऐकू येईल, आणि अर्थिंगमुळे तर जीव वाचू शकतो. ज्याचं ऐकण्यावर खरं प्रेम आहे त्याला खोट्या कारणामागे पाठवणं, हा त्याच्या प्रेमावर अन्याय आहे.

यातून बाहेर पडायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातलं कुणीतरी पडद्यामागे बसावं, नाणं उडवून कधी साधी, कधी महागडी कॉर्ड लावावी, प्रत्येक वेळी प्लग उपसून पुन्हा बसवावा, म्हणजे खरवडलेल्या पिनांची उपाधी दोन्हीकडे सारखी राहील. व्हॉल्यूमला हात लावू नये. ऐकणाऱ्याने घाई न करता वीस वेळा उत्तर लिहावं. वीसपैकी पंधरा किंवा अधिक बरोबर येणं नुसत्या नशिबाने पन्नासात एकदाच घडतं; तसं झालं, तर पुन्हा एकदा करून पाहावं. दुसऱ्यांदाही आलं, तर त्या घरात काहीतरी खरं घडतं आहे आणि ते शोधण्याची जबाबदारी इंजिनिअरवर येते.

असं शोधून काढल्याचं उदाहरण आहे. व्यावसायिक स्टुडिओंत आणि सभागृहांत बॅलन्स्ड केबल वापरूनही, शिल्ड नीट असूनही, कित्येक वर्षं गोंगाट येत राहायचा. पुस्तकाप्रमाणे तो यायला नको होता. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू येत होता. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचं कारण मांडलं. एक्सएलआर जोडणीतली एक नंबरची पिन, जिला शिल्ड लागते, ती अनेक उत्पादक यंत्राच्या पत्र्याच्या पेटीला न जोडता आतल्या सर्किट बोर्डाच्या अर्थला जोडत होते. शिल्डने बाहेर अडवलेला गोंगाट त्या पिनेतून सन्मानाने आत नेला जात होता. केबल निर्दोष होती, कानही निर्दोष होते. २००५ साली सोसायटीने एईएस ४८ हे मानक काढलं आणि शिल्ड थेट पेटीलाच जोडावी असं ठरवलं. ज्यांच्या यंत्रांत ती चूक होती त्यांच्यापैकी पुष्कळांना ती दुरुस्त करायला वीतभर वायर आणि एक सोल्डरिंग गन पुरली.